होविताच्या ताटातली कोलंबी

ला पुंतीया गावात बाप्तिस्मा असो, लग्न असो की कुणाच्या मागे धरलेली नऊ दिवसांची प्रार्थना असो, कोलंबीचं सार होविताकडेच सांगायचं असा रिवाज पडून गेला होता. मोठ्या पातेल्यात लाल मिरचीचं वाटण, सुक्या कोलंबीची पूड, वरून ताजी कोलंबी सालासकट. उकळी फुटली की होविता पातेल्यावर वाकायची, डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायची आणि म्हणायची, "अजून चिमूटभर मीठ." चमचा कधी तोंडाला लावायची नाही.

शेजारणी हसायच्या. "वासावर मीठ कळतं का गं कुणाला?"

"नाकाला सगळं कळतं," ती म्हणायची. "जीभ आळशी. तिला सगळं आयतं लागतं."

नैवेद्यासारखं न चाखता केलेलं ते सार लोक दोन-दोन वाट्या मागून प्यायचे. ती का चाखत नाही, याचं गावाला ठाऊक असलेलं उत्तर एकच होतं. होविताला कोलंबी बाधते, अंगभर पित्त उठतं. खरं कारण आता तिच्याखेरीज दोघींनाच माहीत. एक तिच्या मुलीची धर्ममाता एल्पिदिया, आणि दुसरी बंदरावरच्या देवळातली कार्मेनमाता.

त्याला एकतीस वर्षं झाली. होविता तेव्हा तेवीस वर्षांची होती आणि तिला पाचवा महिना चालला होता. लहानपणापासून तिचा कोलंबीवर भारी जीव. बापाच्या जाळ्यात उडणारी कोलंबी उचलायची, डोकं मोडायचं, साल ओढायचं आणि तशीच खारट तोंडात टाकायची, अशी ती पोर. मोठी झाल्यावर हंगामात मालाच्या शेडमध्ये डोकी मोडायच्या कामाला जाऊ लागली. बायका दिवसभर त्या वासात काम करून घरी गेल्या की अंड्याचं कालवण करायच्या. ही एकटी घरी जाऊन पुन्हा कोलंबीच शिजवायची. सेफेरिनो लग्नाआधी तिला भेटायला यायचा तो फुलं घेऊन नाही, ओल्या फडक्यात बांधलेली मूठभर कोलंबी घेऊन. तिची आई म्हणायची, "हा नवरा नाही, कोळी गळाला आमिष लावून बसलाय."

तर पाचव्या महिन्यात तिला डोहाळे लागले ते एन्रामादामधल्या आग्वाचिलेचे. एन्रामादा म्हणजे खाडीच्या काठावरचा झावळ्यांचा मांडव, खाली पत्र्याची टेबलं. तिथे कच्ची कोलंबी पाठीतून चिरून, काळा दोरा काढून, लिंबाच्या रसात आणि बारीक रानमिरचीत मुरत ठेवतात. वर काकडीच्या चकत्या, जांभळा कांदा. लिंबानं ती आपली आपणच पांढरी होत जाते, चुलीची गरज पडत नाही. होविताला सकाळी उठल्यापासून ते ताट दिसत होतं.

"आज जेवायला नेतोस का रे म्हाताऱ्या?" तिनं विचारलं. तो एकोणतीस वर्षांचा होता, पण गावातल्या सगळ्या बायकांसारखी तीही नवऱ्याला पहिल्या दिवसापासून म्हाताऱ्याच म्हणायची, आणि तो तिला म्हातारे.

"आज? अगं, अकराला बोट सुटतेय. हंगामाची पहिली फेरी." तो दारात पिशवी भरत होता.

"एन्रामादा अकराच्या आधी उघडतं."

"आणि मुकादम माझ्याआधी बोट सोडतो. परत आलो की पहिल्या रविवारी नेतो. दोन ताटं मागव. तीन मागव."

"डोहाळे थांबतात का कुणासाठी?"

"मी सांगतो त्यांना." त्यानं खाली वाकून तिच्या पोटाशी तोंड नेलं. "ए, आतल्या! दोन आठवडे कळ काढ."

आणि तो गेला.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला वादळ आलं. त्या दिवसांतल्या वादळाला किनाऱ्यावर सगळेच म्हणतात, संत फ्रान्सिसनं कंबरेची दोरी सोडून समुद्राला एक फटका दिला. तीन बोटी बाहेर होत्या. दोन आल्या. सेफेरिनोची आली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी होविता देवळात कार्मेनमातेपुढे उभी राहिली. गुडघ्यांवर चालत येईन म्हणावं, तर पोट पुढे आलेलं. केस कापून देईन म्हणावं, तर केस काय, पुन्हा वाढतात. जे परत वाढत नाही असं काहीतरी द्यायला हवं होतं. तेवढ्यात, देवळाच्या दारातून बंदरावरचा वास आत आला. मालाच्या शेडचा. त्या अवस्थेतही तिच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि त्याची तिला इतकी लाज वाटली की शब्द आपोआप बाहेर पडले.

"माते, त्याला परत आण. तो जिवंत आहे तोवर मी कोलंबीला तोंड लावणार नाही."

पाचव्या दिवशी दुसऱ्या गावची एक बोट त्यांची बोट ओढत घेऊन आली. इंजिन बंद, वरचं सगळं वाहून गेलेलं. सेफेरिनोनं स्वतःला दोराच्या चक्राला बांधून घेतलं होतं. छातीवर दोराचा आडवा वळ उमटला होता, तो पुढे कायमचाच राहिला. मोठ्या बोटीवर तो पुन्हा चढला नाही. छोटी होडी घेतली आणि खाडीतच जाळं टाकू लागला, संध्याकाळी घरी.

आणि पहिल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर तो तिला एन्रामादात घेऊन गेला. ताट आलं. हिरवंगार, थंड, कोलंब्या अर्धवट पांढऱ्या झालेल्या. त्यानं मक्याच्या तळलेल्या पोळीचा एक कुरकुरीत तोस्तादा उचलला, त्यावर दोन कोलंब्या ठेवल्या आणि तिच्यापुढे धरला. "घे. त्या आतल्याला सांग, बापानं शब्द पाळला."

होविता त्या तोस्तादाकडे बघत राहिली. लिंबाचा एक थेंब त्यावरून ओघळून त्याच्या बोटावर आला. मग ती म्हणाली, "मला नको. काल शेडमध्ये दोन खाल्ल्या तर अंगभर पित्त उठलं. सुईण म्हणाली, बंद कर."

खरं सांगता आलं असतं. पण ज्याच्यासाठी नवस, त्यालाच सांगून त्याच्या घशात घास कशाला अडकवायचा, असं तिला वाटलं. बाळंतपण झाल्यावर बघू, असंही वाटलं असेल. मग पित्ताचं ते निमित्त चिकटलं ते चिकटलंच.

जानेवारीत याडिरा जन्मली. तिच्या मानेवर मागे एक गुलाबी, वाकडी खूण होती, शेपटीकडे निमुळती. सुईणीनं ती बघितली आणि होविताकडे डोळे वटारले. "कसले डोहाळे राहिले गं तुझे, पोरी?" होवितानं ओढणी तोंडाशी धरली आणि भिंतीकडे तोंड केलं.

एल्पिदियाला हे सगळं पुढे दोन वर्षांनी कळलं, तेही एका उपासाच्या शुक्रवारी दोघी मिळून कोलंबीचे वडे तळत असताना. होविता तळत होती, एल्पिदिया खात होती.

"अगं पण शेवट ठेवायला नको का नवसाला?" एल्पिदिया तोंडात घास घेऊनच ओरडली. "मी बोलले होते, आईचं ऑपरेशन नीट होऊ दे, नऊ शुक्रवार गोड खाणार नाही. नऊ! दहाव्या शुक्रवारी दुकान उघडायच्या आधी मी केकवाल्याच्या दारात. मुदत घातल्याशिवाय नवस कोण बोलतं? तू म्हणजे ना, होविता, देवीला कोरा कागद सही करून दिलास."

"तेव्हा मुदत सुचते का?"

"मला सुचते. माझं पोटच तसं आहे."

एल्पिदियानंच तिला म्हाताऱ्या पाद्रींकडे पाठवलं. पाद्रींनी जाळीच्या आडून सगळं ऐकलं आणि मायेनं म्हणाले, "मुली, मी तुला या नवसातून मोकळं करू शकतो. तेवढा अधिकार मला आहे." होविता थँक्यू फादर म्हणून उठली आणि जवळजवळ पळतच बाहेर आली. फादर मोकळं करतील, त्यात शंका नाही. पण समुद्रात ज्या हातानं सेफेरिनोची कॉलर धरून ठेवली होती, तो हात फादरच्या शब्दावर सुटला तर? ती पुन्हा कधी त्या जाळीशी हा विषय घेऊन गेली नाही.

एकतीस वर्षांत सेफेरिनोनं एक रविवार चुकवला नाही. एरवी चपलेचा पट्टा तुटला तर तारेनं बांधून वापरणारा माणूस, पण रविवारी मिस्सा झाली की स्वच्छ शर्ट, केसांना पाणी, आणि "चल म्हातारे." टेबल ठरलेलं, खाडीच्या अगदी कडेचं. वेटरही ठरलेला, गोयो. तो नव्यानं कामाला लागला तेव्हा त्याला मिशी फुटत होती, आता ती पांढरी झाली. बसल्या बसल्या तो कोलंबीच्या साराचे दोन छोटे कप आणून ठेवायचा, पैसे न लावता. होविताचा कप सेफेरिनो प्यायचा. मग तिच्यासाठी कालवं, किंवा पाठीतून उघडून तिवराच्या लाकडावर भाजलेली तांबोशी. आणि मधोमध, न सांगता, आग्वाचिलेचं एक ताट.

"एक घे," सेफेरिनो दर रविवारी म्हणायचा. "एकानं काय होतंय?"

"पित्त होतंय."

"अर्धी घे."

"अर्धं पित्त होईल."

गोयो हसायचा. ही त्यांची ठरलेली प्रार्थनाच होती, आणि तिचं आमेन म्हणजे गोयोचं हसणं.

लोकांना वाटायचं, होविताला येणाऱ्या होड्या बघायला आवडतात, म्हणून ती नेहमी खाडीकडे तोंड करून बसते. सेफेरिनोलाही तेच वाटायचं. खुर्चीचं खरं गुपित वेगळं होतं. दुपारी एकच्या सुमाराला पाण्यावरून वारा सुटतो. तो त्या ताटावरून येतो आणि सरळ समोरच्या खुर्चीला लागतो. होवितानं ती खुर्ची दुसऱ्याच रविवारी हेरली होती. सेफेरिनो पाण्याकडे पाठ करून खायचा आणि ती समोर बसून, हातातलं खारं बिस्कीट मोडत, जेवायची. पहिल्यांदा लिंबू यायचं, टोकदार. मग मिरचीचा हिरवा वास, मग काकडीचा थंडावा. सगळ्यात शेवटी, वारा जरा पडला की, खालून कोलंबीचा गोडसर वास. तो एक श्वासभर टिकायचा. त्या श्वासात ती बापाच्या होडीत असायची, तळव्यावर ओलं साल चिकटलेलं. डोळे उघडले की समोर सेफेरिनो असायचा, हनुवटीवरून रस ओघळतोय, जिवंत. हवं ते समोर आणि ज्याच्यासाठी सोडलं तोही समोर. एवढी ओढ लागायची की कधी कधी तिची बोटं टेबलाच्या कडेला घट्ट धरून राहायची. याडिरा लहान असताना विचारायची, "आई, तुला कुठे दुखतंय का?"

"नाही गं. भूक लागलीय."

"मग खा ना!"

"खातेच आहे."

याडिरा लग्न करून मासात्लानला गेली. टेबलाशी पुन्हा दोघंच उरली.

यंदा नाताळानंतर सेफेरिनोच्या पायाचा अंगठा सुजला. चादरीचा स्पर्श सहन होईना. औषधाच्या दुकानाशेजारच्या तरुण डॉक्टरनं रक्त तपासलं आणि सांगितलं, रक्तातलं युरिक ॲसिड वाढलंय, मूत्रपिंडावर ताण आहे, हृदयाचे ठोकेही मधूनच चुकतात. कोलंबी बंद. बिअर बंद.

"म्हणजे रविवार बंद म्हणा की," एल्पिदिया म्हणाली.

पण रविवार बंद झाला नाही. सेफेरिनो लंगडत, एक पाय सपातेत आणि एक बुटात, एन्रामादात जाऊन बसला. गोयोनं ताट आणलं. दोघांनीही त्याला हात लावला नाही. ताट एल्पिदियाच्या घरी गेलं.

पुढच्या रविवारी होविता म्हणाली, "तू खाणार नाहीस, मी खाणार नाही, मग जायचं कशाला? घरी बीन्स करते, अंडी करते."

"रविवार आहे."

"रविवार घरातही येतो."

"चल म्हातारे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात काहीतरी असं होतं की तिनं पुढे वाद घातला नाही. त्या दिवसापासून रात्री झोपताना ती त्याच्या पाठीला हात लावून ठोके मोजायची. एखादा चुकला की मनात म्हणायची, माते, मी नाही खाल्ली हं. वासच घेतला फक्त.

मार्चात कोलंबीची बंदी लागायची होती. बंदी लागली की समुद्रावरची मोठी निळी कोलंबी सप्टेंबरपर्यंत मिळत नाही, तळ्यात वाढवलेल्या बारीक कोलंबीवर भागवावं लागतं. त्या आधीचा शेवटचा रविवार, म्हणून एन्रामादा भरलेलं होतं. उपासाचा काळ, सगळं गाव मासे खायला बाहेर. कोपऱ्यात डॉन मोदेस्तो त्याचं बास, ते माणसाएवढं तारांचं वाद्य, घेऊन उभा होता. त्याचे दोन साथीदार केव्हाच वारले होते, आता तो एकटाच टेबलांमधून फिरायचा आणि लोक त्याला नुसत्या घूं-घूं आवाजावर गाणं ओळखायला लावायचे.

सेफेरिनो त्या दिवशी विचित्र खुशीत होता. दाढी दोनदा केलेली. ताट आलं तेव्हा त्यानं ते मधे न ठेवता सरळ होवितापुढे सरकवलं. मग खिशातून रुमाल काढला, रुमालातून कागदाची पुडी, आणि पुडीतून एक छोटी पांढरी गोळी.

"हे काय?"

"घे. पाण्याबरोबर." त्याला हसू आवरत नव्हतं. "त्या डॉक्टरला मी विचारलं. म्हटलं, डॉक्टर, माझं जाऊ द्या, माझ्या बायकोचं सांगा. एकतीस वर्षं पित्त उठतंय. तो हसायलाच लागला. म्हणाला, काका, याला आता गोळी असते. आधी गोळी, मग एक छोटी कोलंबी, मग थांबून बघायचं. म्हातारे, एकतीस वर्षं! आणि गोळी ही एवढीशी!"

होविताच्या हातातलं बिस्कीट मोडलं.

"मला आता सवय राहिली नाही," ती म्हणाली.

"सवय लागायला काय ते पोहणं आहे?"

"आज नको. पुढल्या..."

"पुढल्या रविवारी बंदी आहे." सेफेरिनोनं ताटातली सगळ्यात मोठी कोलंबी निवडली. तोस्तादावर ठेवली, वर कांद्याची एक पाकळी ठेवली, अगदी त्या पहिल्या रविवारसारखी. "गोयो, ये इकडे, साक्षीला उभा राहा. होविताबाई आज खाणार."

गोयो दोन हातांत चार ताटं घेऊन थांबला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. कुणीतरी टाळी वाजवली. डॉन मोदेस्तोनं बासवर वाढदिवसाचा सूर धरला.

होवितानं गोळी घेतली, पाणी प्यायली. गोळीचं तिला भय नव्हतं. तिनं तोस्तादा हातात घेतला. तो तोंडाजवळ आला तशी तिच्या जिभेखाली कळ आली, इतकी की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. वारा नको, खुर्ची नको, इथेच होती ती, दोन बोटांवर. आत्ता खाल्ली तर कुणाला कळणार? फादर तर कधीच मोकळं करायला तयार होते. तिनं ओठ उघडले. आणि तिची नजर सेफेरिनोच्या गळ्याकडे गेली. उघड्या बटणातून दोराच्या वळाचं टोक दिसत होतं. त्याच्या शेजारी, कातडीखाली, एक शीर उडत होती. उडाली, उडाली, थांबली. पुन्हा उडाली.

तिनं तोस्तादा खाली ठेवला.

"मला पित्त उठत नाही," ती म्हणाली. "कधीच उठलं नव्हतं."

मोदेस्तोचं बास थांबलं.

"काय?"

मग तिनं सगळं सांगितलं. मान खाली घालून, टेबलावरचा चुरा एका बोटानं गोळा करत. तिसऱ्या दिवसाची दुपार, देऊळ, शेडचा वास, तिनं बोललेले शब्द. "तू जिवंत आहेस तोवर, असं बोलले. मुदत घालायची सुचलंच नाही."

सेफेरिनोचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. गोयो हातातली ताटं तशीच धरून उभा. मग सेफेरिनो म्हणाला, "तू एकतीस वर्षं... माझ्यासमोर बसून..." आणि अचानक त्यानं टेबलावर मूठ आपटली. "अगं बाई, मग मी काय केलं?"

"तू काय केलंस?"

"मी पण बोललो होतो! तिथे, त्या चक्राला बांधलेला. लाट वरून जायची आणि मला दुसरं काही आठवत नव्हतं, तू दारात उभी राहून म्हणतेयस, डोहाळे थांबतात का. म्हटलं, माते, पोचव. पोचवलंस तर जिवात जीव आहे तोवर दर रविवारी तिला एन्रामादात नेऊन कोलंबी खाऊ घालीन."

"कार्मेनमातेलाच बोललास?"

"दुसऱ्या कुणाला बोलणार? तिलाच बोललो. याच मातेला."

होवितानं तोंडावर हात ठेवला.

"आणि तू खायची नाहीस," सेफेरिनो म्हणाला. "दर रविवारी मी घरी जाऊन म्हणायचो, माते, नेलं, ताट ठेवलं, ती खात नाही, माझा इलाज नाही. आता हा अंगठा सुजला, हे ठोके. मला वाटलं, आता मातेचा धीर संपला. निदान एकदा तरी तू खाल्लीस म्हणजे माझा शब्द पुरा होईल. म्हणून ती गोळी."

"म्हणजे तुझं पुरं व्हायचं तर मी खायला हवी," होविता हळू म्हणाली, "आणि मी खाल्ली तर तू..."

"आणि मी गेलो तर तू खाणार. म्हणजे माझ्यामागे चंगळ आहे तुझी!"

"तोंडाला कुलूप लाव, मेल्या!" ती इतक्या जोरात ओरडली की पलीकडच्या टेबलावरचं मूल रडायला लागलं. आणि मग दोघंही हसायला लागली. हसता हसता सेफेरिनोला ठसका लागला, गोयोनं ताटं कुठेतरी टेकवून त्याच्या पाठीवर थापटलं, आणि होविता ओढणीनं डोळे पुसत, "हळू रे, हळू, ठोके," म्हणत राहिली.

"फादरना विचारूया," सेफेरिनो जरा सावरल्यावर म्हणाला. "नवे आहेत, शिकलेले आहेत. दोघांनाही सोडवतील."

होवितानं मान हलवली. "तुला सोडवू देत. मला नको."

"अगं पण का? तुला हवी आहे. मी बघतोय ना, आत्ताही नजर तिकडेच आहे."

"हवी आहे," ती म्हणाली. हे एकतीस वर्षांत ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलत होती. "खूप हवी आहे. आणि ती जोवर हवी आहे तोवर तू समोर बसलेला आहेस. ज्या रविवारी मी खाईन, त्या रविवारी समोर कोण असेल? असली भूक भागवून काय करायचंय मला?"

सेफेरिनोनं तोस्तादावरची कोलंबी उचलून परत ताटात ठेवली, कांद्याची पाकळी तिच्यावर नीट पांघरली.

"मग हे ताट?" गोयोनं घसा साफ करत विचारलं. "आत नेऊ?"

"ठेव," होविता म्हणाली. "आधी आमचं होऊ दे, मग डॉन मोदेस्तोला दे. बिचारा सकाळपासून घूं-घूं करतोय." मोदेस्तोनं ते ऐकलं आणि बास भिंतीला टेकवून, कुणी विचार बदलायच्या आत, जवळच्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसला.

मग होविता उठली. टेबलाला वळसा घालून ती सेफेरिनोच्या मागे आली आणि त्याच्या दंडाला धरून म्हणाली, "ऊठ. तिकडे बस."

"कुठे?"

"माझ्या खुर्चीवर."

"का? तुला होड्या बघायला आवडतात ना?"

"होड्या गेल्या खड्ड्यात. ऊठ म्हणते ना."

तो लंगडत तिच्या खुर्चीत जाऊन बसला, खाडीकडे तोंड करून. ती त्याच्या जागी, पाण्याकडे पाठ करून. पाठीला वारा लागला तेव्हा तिला कळलं, या बाजूला काहीच येत नाही, नुसता चिखलाचा आणि डिझेलचा वास. इतकी वर्षं हा इथे बसत होता. पण याच्या तोंडात कोलंबी होती, याला वाऱ्याची काय गरज. आता होती.

तिनं लिंबाची फोड घेतली, ताटावर पिळली, ताट जरा त्याच्याकडे ढकललं.

"आता डोळे मीट."

"कशाला?"

"मीट रे. आता डॉक्टरनं बंद केलंय ना? मग शिकून घे, मला येतं. आधी लिंबू येईल. तिथेच घाई करायची नाही. त्याच्यामागून मिरची येते. ती नाकाला झोंबेल, झोंबू दे. मग काकडी."

सेफेरिनोनं डोळे मिटले. त्याच्या पांढऱ्या भुवया ताणल्या गेल्या, नाकपुड्या फुलल्या, लहान मुलाला गणित घातल्यासारखा चेहरा झाला. गोयो आत जायचं विसरून उभा राहिला होता. मोदेस्तो हातात चमचा धरून वाट बघत होता.

"काकडी आली," सेफेरिनो म्हणाला. "पुढे?"

"पुढे वारा जरा पडेल. पडला की ती येते, सगळ्यात खालून. एक श्वासभरच. पकडायची."

झावळ्या सळसळत होत्या. मग थांबल्या. होविता त्याच्या गळ्यावरच्या शिरेकडे बघत राहिली.

"आली का?"

"थांब गं म्हातारे," तो डोळे न उघडता म्हणाला. "येतेय."